वस्तरादाह

वस्तरादाह : (रेझर बर्न). वस्तऱ्याने केस काढल्यानंतर काही मिनिटांत ते काही तासांत त्वचेवर उमटणारी लाली, आग, चुणचुण व खाज. कधी त्या जागी बारीक पुरळही दिसते. बहुतेकदा हा त्रास काही तासांत, क्वचित दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतो. मान, हनुवटीखालचा भाग, काखा, पाय व जांघा ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. त्वचाविज्ञानात त्याला स्वतंत्र रोग न मानता प्रक्षोभक त्वचाशोथाचा (क्षोभामुळे त्वचेला येणाऱ्या दाहाचा) एक सौम्य व अल्पकालीन प्रकार समजण्याकडे कल आहे आणि येथेही तोच अर्थ धरला आहे.

भेद : दाढीनंतर येणाऱ्या सर्वच तक्रारींना सरसकट ‘रेझर बर्न’ म्हणण्याची सवय असल्यामुळे दोन वेगळ्या विकृतींची गल्लत होते. दुसरी विकृती म्हणजे दाढीचा छद्मकेशपुटकशोथ (रेझर बम्प्स). तिचे हे नाव आणि तिची यंत्रणा यांची आजची मांडणी प्रामुख्याने स्ट्रॉस व क्लिगमन यांच्या १९५६ मधील लेखापासून धरली जाते; मात्र तिची वर्णने त्याआधीच्या वैद्यकीय वाङ्मयातही निरनिराळ्या नावांखाली आढळतात. कुरळा केस कापल्यावर त्याला तिरपे, अणकुचीदार टोक येते. असा केस त्वचेबाहेर येऊन पुन्हा वळतो व शेजारच्या त्वचेत घुसतो, किंवा फार खोलवर कापला गेल्यास बाहेर न येताच केशपुटकाची (केस ज्यात रुजलेला असतो त्या खळग्याची) भिंत भेदतो. शरीर या केसाशी परक्या वस्तूप्रमाणे वागते व तेथे पुटकुळी धरते. पुटकुळ्या दिवस-दोन दिवसांनी येतात व आठवडेच्या आठवडे टिकतात. वस्तरादाह मात्र काही तासांतच जाणवतो आणि सरळ केसांच्या माणसालाही होतो. केसांच्या वळणाखेरीज आनुवंशिक घटकही छद्मकेशपुटकशोथाला कारण असावा, असे २००४ मधील एका जर्मन गटाच्या संशोधनावरून दिसते. केशपुटकातील एका केराटिनाच्या (केस व त्वचा यांतील प्रथिनाच्या) जनुकात विशिष्ट बदल असलेल्यांना या विकृतीचा धोका सुमारे सहापट आढळला. वस्तरादाहाचा या जनुकाशी संबंध जोडलेला नाही.

पू धरणाऱ्या, पसरत जाणाऱ्या किंवा केस सहज उपटून येणाऱ्या चट्ट्यांत स्टॅफिलोकॉकस जंतूंचा अथवा बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

कारणमीमांसा : वस्तरा केस कापतो तसा त्वचेचा सर्वांत वरचा शृंगस्तरही खरवडतो. चेहऱ्यावर हा स्तर साधारण १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीहूनही बराच पातळ असतो. मृत पेशी व त्यांमधील स्निग्ध द्रव्ये यांची ही भिंत पाणी आत राखते व क्षोभक पदार्थ बाहेर ठेवते. त्वचा सपाट नसल्यामुळे पात्याच्या दाबाखाली उंचवट्यांवर, केशपुटकांच्या कडांवर आणि मानेच्या वळणांवर ती अधिक खरवडली जाते. एकाच जागेवरून पाते पुन्हापुन्हा फिरवल्यास इजेत भर पडते. तिच्यावर साबणाची अल्कता येते : त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ५, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १० असतो. तेव्हा वस्तरादाह हा मुळात केसाचा नव्हे, तर या भिंतीचा विकार आहे.

दाढीनंतर अल्कोहॉलयुक्त लोशन लावताच होणाऱ्या जळजळीचे स्पष्टीकरण मात्र निराळे व अधिक नेमके आहे. तापमानाची जाणीव देणाऱ्या तंत्रिकाग्रांवरील टीआरपीव्ही१ हा ग्राही (उद्दीपन टिपणारे प्रथिन) एरवी सुमारे ४२° से.ला उत्तेजित होतो. एथिल अल्कोहॉलाच्या सान्निध्यात ही मर्यादा सुमारे ३४° से.पर्यंत उतरते, असे २००२ मध्ये दाखवण्यात आले. म्हणजे चेहऱ्याचे स्वतःचेच तापमान त्या तंत्रिकांना भाजल्यासारखे भासते. मेंथॉल याच्या उलट टीआरपीएम८ या थंडाव्याच्या ग्राहीला चाळवतो. त्वचा प्रत्यक्षात थंड होत नाही. खरवडलेल्या त्वचेवर दोन्ही पदार्थ झोंबतात. अशा झोंबण्यालाच ‘निर्जंतुकीकरण’ समजण्याची प्रथा जुनी आहे आणि तिला आधार थोडा आहे.

‘संवेदनक्षम त्वचा’ या संज्ञेची व्याख्या बराच काळ सैल होती. एरवी त्रासदायक न ठरणाऱ्या उद्दीपनांमुळे टोचणे, जळणे, खाजणे यांसारख्या नकोशा संवेदना होणे, अशी व्याख्या २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सुचवली. तीत लाली असणे आवश्यक मानलेले नाही, ही लक्षणीय बाब आहे. त्यापूर्वीपासून वापरात असलेली लॅक्टिक अम्लाची झोंब-चाचणी (फ्रॉश व क्लिगमन, १९७७) अशा व्यक्ती हुडकण्यास उपयोगी पडते, तथापि ती सर्वांना लागू पडतेच असे नाही.

पात्यांचा प्रश्न : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झां-झाक पेरे या फ्रेंच कारागिराने रक्षक बसवलेला वस्तरा सुचवला, त्याचा नेमका काळ निरनिराळा दिला जात असला, तरी स्वतःची दाढी स्वतः करण्याविषयीचे त्याचे पुस्तक १७६९ चे आहे. किंग कॅम्प जिलेट यांना बदलत्या पात्याच्या वस्तऱ्याचे अमेरिकी एकस्व (पेटंट) १९०४ मध्ये मिळाले. या सुधारणांनी कापण्याची भीती कमी केली. खरवडणे तसेच राहिले. १९७१ मध्ये दुपाती वस्तरा बाजारात आला. पहिले पाते केस किंचित बाहेर ओढते व तो मागे सरकण्याआधी दुसरे त्याला अधिक खाली कापते, हे त्यामागचे तत्त्व होय. त्यामुळे केस त्वचेखाली कापला जाऊन पुटकुळ्या वाढतात, म्हणून एकपाती वस्तराच बरा, असा सल्ला दीर्घकाळ दिला गेला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज बहुपाती वस्तरा वापरूनही पुटकुळ्या वाढलेल्या आढळल्या नाहीत. यावरून पात्यांच्या संख्येपेक्षा दाब, फेऱ्या व पात्याची धार यांना अधिक महत्त्व द्यावे, हे मत सयुक्तिक वाटते. धारेविषयी २०२० मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्या संस्थेतील संशोधकांनी दाखवले, की पोलाद केसाहून सुमारे ५० पट कठीण असूनही केस वाकून पात्याच्या कडेशी विशिष्ट कोन करतो तेव्हा कडेचे सूक्ष्म टवके उडतात. पाते झिजून बोथट होण्याऐवजी असे तुटत जाते.

प्रतिबंध : कोरडा केस चिवट असतो. पाणी शिरल्यावर त्यातील केराटिनाचे हायड्रोजन बंध सैल होतात व कापायला लागणारे बल बरेच घटते. यासाठी कोमट पाण्याची दोन-तीन मिनिटे पुरतात, म्हणून आंघोळीनंतरची वेळ सोयीची. जेल किंवा क्रीम लावून थोडे थांबावे. फेस दिसायला कितीही दाट असला तरी काम वंगणाचे आहे. केस वाढतात त्याच दिशेने, हलक्या हाताने पाते फिरवावे. मानेवर ही दिशा जागोजागी बदलते, ती आधी बोटांनी चाचपून घ्यावी. त्वचा ताणून गुळगुळीतपणाचा हट्ट धरू नये. प्रत्येक फेरीनंतर पाते धुवावे आणि साधारण पाच ते सात वापरांनंतर बदलावे. ज्यांना हे करूनही त्रास होतो त्यांनी विजेच्या ट्रिमरने अर्धा-एक मिलिमीटर खुंट ठेवलेले बरे.

उपशमन : दाह झाल्यावर पहिला उपाय म्हणजे दाह शमेपर्यंत त्या भागावर वस्तरा न लावणे. थंड पाण्यात भिजवलेली स्वच्छ घडी पाच-दहा मिनिटे ठेवावी व नंतर सुगंधरहित मलम, ग्लिसरीनयुक्त लोशन किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. ओटचे अतिसूक्ष्म पीठ त्वचारक्षक म्हणून अमेरिकी औषध प्रशासनाने २००३ मध्ये मान्य केले आहे. कोरफडीच्या गराने अनेकांना आराम पडतो, परंतु त्यामागील पुरावा मर्यादित आहे. तुरटी स्तंभक (ऊतक आकसवणारी) असल्याने बारीक कापांतील रक्त थांबवते. दाहावर ती लावल्यास त्वचा आणखी कोरडी पडते. आग फारच असल्यास १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन दोन-तीन दिवस चालते. चेहऱ्यावर ते लांबवल्यास त्वचा पातळ होते व तोंडाभोवती पुरळ उठू शकते. छद्मकेशपुटकशोथासाठी वापरली जाणारी ग्लायकॉलिक अम्ल वा बेंझॉइल पेरॉक्साइडाची मलमे ताज्या दाहावर लावू नयेत, कारण ती स्वतःच क्षोभक आहेत. वारंवार पुटकुळ्या येणाऱ्यांत १,०६४ नॅनोमीटरच्या लेसरने केसच विरळ करण्याचा मार्ग गडद त्वचेलाही तुलनेने सुरक्षित समजला जातो.

काखा व जांघा येथे घाम व कपड्यांचे घर्षण यांची भर पडते. केस काढल्यानंतरच्या पहिल्या दिवशी सैल सुती कपडे घालणे व सुगंधी द्रव्ये टाळणे, एवढेच वेगळे पथ्य सांगितले जाते.