मदिनेत ४० नमाज झाल्या नाहीत म्हणून हज अपुरा राहत नाही

आमच्या यावल-रावेरकडे कुणी हजहून परतलं की खजूर अन् जमजमचं पाणी हातात घेता घेता बाया विचारतात, "मदिनेत चाळीस पूर्ण झाल्या ना?" शेजारच्या खाला (मावशी) हे ऐकून रडल्याच. तापामुळे त्यांच्या सहा नमाज मशिदीऐवजी खोलीवरच झाल्या होत्या. खजुराची वाटी हातात तशीच राहिली.

खाला, तुमचा हज पूर्ण झालाय. हजचे विधी मक्का, मिना, अराफात, मुजदलिफा इथलेच. जिलहिज्ज महिन्याच्या ९ तारखेला अराफातला थांबणं हा त्याचा कणा. मदिनेतल्या मस्जिद-ए-नबवीची, म्हणजे पैगंबरांच्या मशिदीची, जियारत (भेट) फार सवाबाची (पुण्याची), तिथली एक नमाज इतर मशिदींतल्या हजार नमाजांहून श्रेष्ठ, फक्त मक्केची मस्जिद-ए-हराम वगळून. पण ही जियारत हजचा भाग नाही.

मग चाळीस आल्या कुठून? मुसनद अहमद या हदीससंग्रहात पैगंबरांचे सहकारी हजरत अनस यांच्या नावे एक रिवायत (कथन) आहे: या मशिदीत सलग ४० नमाज पढणाऱ्याला दोजखच्या (नरकाच्या) आगीतून सुटका. बऱ्याच मुहद्दिसांनी (हदीसच्या विद्वानांनी) तिची सनद, म्हणजे ती सांगत आलेल्यांची साखळी, कमजोर ठरवलीय. आणि तिच्यातही हजचं नाव नाही. रोजच्या पाच धरून आठ दिवस, म्हणून मुक्कामही तेवढा ठेवतात.

पाळीने चाळीस मोडतील या धास्तीने गोळ्या घेणाऱ्या बायांचं मला फार वाईट वाटतं. त्या दिवसांत नमाज माफच आहे.