मृगाचा किडा म्हणजे लाल कोळी नव्हे

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की बांधावर, माळावर लाल मखमलीचे ठिपके चालायला लागतात, तोच मृगाचा किडा. लहानपणी काडेपेटीत गवत घालून तो आपण सगळ्यांनीच ठेवलाय, तेव्हा त्याची ओळख करून देत बसत नाही. पण दरवर्षी याच दिवसांत त्याचा फोटो फिरतो आणि खाली प्रश्न असतो: ‘शेतात लाल कोळी आलाय, काय फवारू?’ लाल कोळी म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. लगेच कोणीतरी फवारणीच्या पंपाला किती मिली औषध तेही सांगून मोकळा होतो. जीव तुटतो हे वाचून.

मृगाचा किडा आणि लाल कोळी दोघेही अष्टपाद, जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या दूरच्या नात्यातले. शास्त्राच्या हिशेबाने कीटक दोघेही नाहीत. साम्य एवढंच. मृगाचा किडा सेंटीमीटरभर, उभ्याने दिसतो. लाल कोळी अर्ध्या मिलिमीटरचा, त्याला भिंग लागतं. रंगावर तर जाऊच नका. भेंडी-वांग्यावरचा ‘लाल’ कोळी बरेचदा पिवळट हिरवाच असतो, अंगावर दोन काळे डाग घेऊन.

खरी गोम खाण्यात आहे. लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूला बसून सुईसारखं तोंड खुपसतो आणि रस शोषतो. पानावर आधी पांढुरके ठिपके येतात, मग जाळी धरते. त्याला कोरडी, तापलेली हवा मानवते; जोराची सर त्याला धुऊन काढते.

मृगाचा किडा पिकाला तोंड लावत नाही. तो शिकारी आहे. वर्षाचा बहुतेक काळ मातीत काढतो आणि जमीन भिजली की थोडे दिवस जोडीदारासाठी वर येतो. मादी मातीतच अंडी घालते. पिल्लाला पाय सहाच. ते दुसऱ्या एखाद्या किड्याच्या अंगाला चिकटून पोसतं, मग गळून मातीत जातं. पुढच्या अवस्थेत आठ पाय येतात आणि मातीतली किड्यांची अंडी, बारीकसारीक जीव हेच त्याचं अन्न होतं. औषध मारून आपण याला मारतो!

एकदा तळहातावर घेऊन बघा. आधी पाय आखडून गप्प पडतो. धीर धरा. पुढचे दोन पाय चाचपडत बाहेर येतात, स्पर्शाचं काम तेच करतात. डोळे बारीक देठांवर, पण दाट केसांत सहज सापडत नाहीत.

ट्रॉम्बिडियम ग्रँडिसिमम हे त्याचं शास्त्रीय नाव. मध्य प्रदेश, छत्तीसगड, उत्तर प्रदेशातही तो पहिल्या पावसात निघतो. तिकडे बीरबहूटी म्हणतात. औषधी तेलासाठी त्याला गोळा करून वाळवून विकतात, ते मला अजिबात पटत नाही.

लाल कोळ्याची शंका असेल तर पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालायला लागले तर कोळीच. मग कोळीनाशकच घ्या. भलतंच कीटकनाशक मारलं तर त्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि तो आणखी फोफावतो.