खोडदच्या तबकड्या आणि ताऱ्यांची घड्याळे

पुण्याहून नाशिक रस्त्याने सुमारे ८० किलोमीटरवर नारायणगाव लागते आणि तिथून आत वळले की द्राक्षबागांच्या पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसू लागतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तिथे प्रदर्शन भरते, तेव्हा तबकडीच्या बुडाशी उभे राहून जरूर वर पाहावे. ४५ मीटर व्यासाचा तो वाडगा बारीक पोलादी तारांच्या जाळीचा आहे आणि जाळीतून आभाळ आरपार दिसते. जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची, तर टिपायच्या रेडिओ लहरी कितीतरी लांब. त्यामुळे लहरींच्या लेखी ती जाळी आरसाच असते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्चही आटोक्यात राहतो. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या या कल्पनेतून अशा ३० तबकड्या उभ्या राहिल्या. पुण्यातील एनसीआरए ही संस्था त्यांची दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, चालवते.

या दुर्बिणीची निरीक्षणे वापरणाऱ्या भारतीय-जपानी गटाने युरोपीय गटाबरोबर २९ जून २०२३ रोजी एक निष्कर्ष जाहीर केला. अमेरिकी, ऑस्ट्रेलियन आणि चिनी गटांनीही त्याच सुमारास तशीच मांडणी केली. विश्वात अतिमंद गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींची, अखंड गुणगुण चालू असावी, असे पुरावे त्यांना मिळाले होते. २०१५ मध्ये अमेरिकेतील लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या उपकरणाने पकडलेली लहर सेकंदाच्या अंशात संपली होती; या लहरींच्या एका हेलकाव्यालाच काही वर्षे लागतात. दीर्घिकांच्या मीलनानंतर एकमेकींभोवती फिरत राहणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हा त्यांचा उगम असावा, असा बहुतेकांचा अंदाज आहे.

एवढी लांब लहर मोजायला पृथ्वीवरचे कोणतेही उपकरण पुरत नाही, म्हणून ताऱ्यांचीच घड्याळे वापरावी लागतात. जे१९०९-३७४४ हा स्पंदक तारा, म्हणजे फिरता फिरता रेडिओ लहरींचे ठोके पाठवणारा तारा, सेकंदाला सुमारे ३३९ गिरक्या घेतो आणि त्याचे स्पंद कमालीच्या नियमितपणे येतात. मधले अवकाश किंचित ताणले किंवा आकसले गेले, तर स्पंद किंचित उशिरा किंवा लवकर पोहोचतात. एकाच ताऱ्याची चूक त्याची स्वतःची असू शकते. परंतु अनेक ताऱ्यांच्या चुका त्यांच्यामधील कोनानुसार ठरावीक रीतीने जुळू लागल्या, तर त्यामागे गुरुत्वीय लहर आहे असे मानता येते. ही जुळणी कशी दिसेल, हे हेलिंग्ज आणि डाउन्स या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच गणिताने दाखवून दिले होते.

माझ्या मते या कामातला सर्वांत चिकाटीचा भाग खोडदला होतो. तारे आणि आपण यांच्यामध्ये मुक्त इलेक्ट्रॉन विखुरलेले असतात आणि ते कमी वारंवारतेच्या लहरींना अधिक रेंगाळत ठेवतात. जे१९०९-३७४४ चा ४०० मेगाहर्ट्झवरचा स्पंद १४०० मेगाहर्ट्झवरच्या स्पंदापेक्षा सुमारे पाव सेकंद मागे राहतो, आणि शोध तर सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही लहान फरकांचा घ्यायचा आहे! शिवाय वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचे प्रमाण सतत बदलत असल्याने हा उशीर एकदाच मोजून वजा करून भागत नाही. उशीर कमी वारंवारतेवर मोठा होतो, म्हणून तो तिथेच सर्वांत नेमका मोजता येतो. खोडदच्या तबकड्यांचे गट पाडून एकाच वेळी ३०० ते ५०० आणि १२६० ते १४६० मेगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांत एकच तारा पाहिला जातो, तेव्हा वाटेतला उशीर त्याच दिवशी कळतो. युरोपीय गटाकडे सुमारे २५ वर्षांची निरीक्षणे होती, भारतीय गटाकडे साडेतीनच. तरीही ती मोलाची ठरली, ती या नेमकेपणामुळे.

शोध पक्का झाला असे म्हणण्यासाठी शास्त्रज्ञ जी कसोटी लावतात, ती २०२३ च्या निष्कर्षांनी पूर्णपणे ओलांडलेली नव्हती. त्यासाठी निरनिराळ्या देशांच्या नोंदी एकत्र करण्याचे काम हाती घेतले गेले. आभाळातील नेमक्या कोणत्या दिशेने, कोणत्या जोडीकडून एखादी लहर येते, हेही त्यातूनच कधीतरी उमगू शकेल. त्यासाठी त्याच ताऱ्यांकडे या तबकड्या ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा वळवाव्या लागतात.