‘मोघम’ : दप्तरातून बोलीत आलेला शब्द

नाशिकला गुलशनाबाद म्हणत त्या काळात सरकारी दप्तरे फारसीत चालत. पुढे पेशवाई आली, गावाला जुने नाव परत मिळाले, पण कारभाराचे अरबी-फारसी शब्द मराठीत मुरलेलेच राहिले. ‘मोघम’ त्यांपैकी एक. अरबी ‘मुब्हम’, म्हणजे उलगडून न सांगितलेले, हे त्याचे मूळ. ‘मोघ’ म्हणजे व्यर्थ, या संस्कृत शब्दाशी त्याचा संबंध नाही.

नजरेला नीट न दिसणारे ते अंधुक किंवा धूसर, आणि गंगेला पूर आला की पाणी गढूळ. मोघमपणा मात्र सांगण्यात असतो. मोघम आरोप, मोघम उत्तर, मोघम हिशेब. कुणाचे नाव उघड होऊ नये म्हणून मुद्दाम मोघम बोलतात, तेव्हा त्यात सौजन्यही असते.

खरी गल्लत ‘मोघम’ आणि ‘संदिग्ध’ यांत होते. मोघम म्हणजे तपशील कमी. संदिग्ध म्हणजे एकाच मजकुराचे दोन अर्थ. १८७२ च्या करार कायद्यातील कलम २९ मध्ये ‘शंभर टन तेल’ विकण्याचे उदाहरण आहे. कोणते तेल, ते कुठूनच कळत नाही, म्हणून करार रद्दबातल. हा मोघमपणा. त्याच वर्षीच्या पुरावा कायद्यात घोडा ‘१,००० किंवा १,५०० रुपयांना’ विकण्याच्या लेखी कराराचे उदाहरण होते. किंमत कोणती ठरली होती, याचा तोंडी पुरावा तिथे चालत नाही. ही संदिग्धता. १ जुलै २०२४ पासून त्या पुरावा कायद्याच्या जागी नवा साक्ष अधिनियम आला, तरी हे तत्त्व कायम आहे.

द्राक्षाच्या सौद्यात ‘चांगला माल, बाजारभावाने’ एवढेच लिहिले, तर भांडणाच्या वेळी बागायतदाराच्या हाती काहीच उरत नाही. वाण, मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये, गोडी ब्रिक्स या साखरेच्या मापात, दर किलोचा की क्विंटलचा, खुडणीची तारीख, मजुरी कोणाकडे आणि पैसे कधी, हे सगळे कागदावर हवे. जमिनीत तर ‘एकरभर’ हा शब्दच टाळावा. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, तर आर सुमारे १,०७६ चौरस फुटांचा. एकराच्या ४० गुंठ्यांऐवजी ४० आर लिहिले, की ५०० चौरस फुटांहून जास्त जमीन कागदावरून कमी होते. म्हणून गट क्रमांक, हेक्टर-आरमधले क्षेत्र आणि चतुःसीमा तिन्ही लिहावे, आणि सही करण्यापूर्वी ते सातबारा व मोजणी नकाशाशी ताडून पाहावे.