‘स्नॅक’ चाचणी: नाव एक, प्रश्नावल्या दोन

वृद्धांच्या खाण्यापिण्याची तपासणी करताना ‘स्नॅक’ नावाच्या दोन प्रश्नावल्या समोर येतात. एक अमेरिकेत तयार झाली, दुसरी नेदरलँड्समध्ये. दोन्ही २००५ साली प्रसिद्ध झाल्या आणि दोन्हींत भुकेबद्दल विचारलेलं असतं, म्हणून गल्लत होते. गुण मात्र उलट दिशेने वाचायचे असतात.

अमेरिकन प्रश्नावली फक्त भुकेची आहे. तिच्यात चारच प्रश्न: भूक कशी आहे, किती खाल्ल्यावर पोट भरल्यासारखं वाटतं, अन्नाला चव कशी लागते, दिवसातून किती वेळा जेवता. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, एकूण ४ ते २०. गुण १४ किंवा त्याहून कमी आले, तर पुढच्या सहा महिन्यांत निदान ५ टक्के वजन घटण्याचा धोका मानतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलो. वीसपैकी चौदा हा आकडा ऐकायला चांगला वाटतो आणि नेमका तिथेच घात होतो.

डच प्रश्नावली रुग्णालयात दाखल झालेल्यांमधलं कुपोषण हुडकण्यासाठी बनवली गेली. प्रयत्न न करता सहा महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलं असेल तर ३ गुण, महिन्याभरात तीन किलोंहून जास्त उतरलं असेल तर २. गेल्या महिन्यात भूक कमी झाली असेल तर १, पूरक पेयं किंवा नळीतून आहार घ्यावा लागला असेल तर आणखी १. इथे गुण वाढले की काळजी वाढते: २ म्हणजे मध्यम कुपोषण, ३ किंवा जास्त म्हणजे तीव्र.

आता एक आजी घ्या. भूक कमी (२), थोडंसं खाल्लं की पोट भरतं (२), चव ठीकठाक (३), दोन वेळचं जेवण (३). अमेरिकन प्रश्नावलीत त्यांना १० गुण, म्हणजे स्पष्ट धोका. पण वजन अजून उतरलेलं नाही, म्हणून डच प्रश्नावलीत भुकेचा एकच गुण पडतो आणि त्या ‘ठीक’ ठरतात. एक चाचणी पुढे काय होईल ते विचारते, दुसरी काय होऊन गेलं ते. घरी राहणाऱ्या वृद्धांसाठी मला पहिली जास्त मोलाची वाटते, कारण औषधांमुळे अन्नावरची वासना उडाली आहे का, कवळी टोचते का, बद्धकोष्ठता आहे का, मन खचलं आहे का, हे शोधायला वजन उतरण्याआधीच वेळ मिळतो. वय झालं की भूक कमी होणारच, असं म्हणून गप्प बसणं मला पटत नाही.

उलटही घडतं. थायरॉईड वाढलेला किंवा मधुमेह आटोक्याबाहेर गेलेला माणूस पोटभर जेवूनही झडत जातो. भुकेच्या प्रश्नावलीत तो निर्धास्त सुटतो. त्याला पकडतो तो वजनाचा प्रश्न. पायावर सूज असेल तर साठलेल्या पाण्यामुळे काटाही फसवतो, तेव्हा दंडाचा घेर मोजावा. घरी राहणाऱ्या वृद्धांसाठी केलेल्या डच आवृत्तीत तो २५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणं कुपोषणाची खूण मानतात.

अहवालावर नुसतं ‘स्नॅक ४’ लिहिलेलं दिसलं, तर कुठली प्रश्नावली वापरली ते आधी विचारून घ्या.