कासवाची आंघोळ: साबण नको, खोबरेल तेलही नको

"कासवाला वास मारतो, कुठला शाम्पू देता?" हा प्रश्न दुकानात सारखा येतो. आम्ही कुठलाच देत नाही, त्यामागचं कारण इथे सांगतो. घरोघरी दिसणाऱ्या रेड-इअर्ड स्लायडरबद्दल, म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेल्या पाणकासवाबद्दल हे आहे.

वास बहुतेक वेळा कासवाचा नसतो, पाण्याचा असतो. ते खातं त्याच पाण्यात आणि घाणही करतं त्याच पाण्यात. उरलेले दाणे तळाशी कुजतात. अशा वेळी कासव कितीही घासलं तरी वास जात नाही; पाणी बदलावं लागतं.

आता साबणाबद्दल. कवच म्हणजे नुसतं टरफल नव्हे. आत जिवंत हाड आहे, स्पर्श कळतो. साबण डोळ्यांना झोंबतो आणि अंगावर राहिलेला साबण टाकीत उतरून कासवाच्या पोटात जातो. चमक यावी म्हणून लावलेल्या तेलावर धूळ-घाण चिकटून बसते. साबणाची दुसरी चूक होते ती फिल्टरचा स्पंज धुताना. घाण पचवणारे जिवाणू त्या स्पंजमध्येच वाढतात. तो साबणाने किंवा नळाखाली खळखळून धुतला की ते मरतात, पाणी पांढुरकं होतं आणि फिल्टर "बिघडला" म्हणून आमच्याकडे परत येतो. उघडून पाहावं तर मोटर ठणठणीत. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, नवीन पाण्यात अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घाला.

कवचावर शेवाळ धरलं असेल तरच आंघोळ. वेगळ्या टबात हनुवटीपर्यंत पाणी, २६ ते २८ अंश. गिझरचं कढत पाणी नको. मऊ टूथब्रशने हलक्या हाताने घासा, डोळ्यांजवळ ब्रश नेऊ नका. पातळ पापुद्रे सुटत असतील तर ओढू नका, ते आपोआप गळतात. कवच मऊ लागलं, गुलाबी डाग दिसले किंवा स्वच्छ पाण्यातही कवचाला कुजका वास आला, तर थेट पशुवैद्याकडे जा.

टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये रिकामा करू नका. नंतर हात साबणाने धुवा (साबण इथे हवाच), मुलांचेही. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला, म्हणजे जुलाब-ताप आणणारा जिवाणू, असू शकतो. लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

कासव दुकानात धुऊन देण्याचा आग्रह काहीजण धरतात. आम्ही नाही म्हणतो, कारण एकाचा आजार दुसऱ्याला लागायला एक टब पुरतो. घरी येऊन टाकी साफ करून देतो, स्पंज कसा पिळायचा तेही दाखवतो. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव मात्र वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. त्यासाठी वनखात्याला कळवा. आणि सांभाळणं जमत नाही म्हणून स्लायडर तळ्यात सोडू नका, तिथल्या देशी कासवांच्या जागेवर आणि खाण्यावर तो हक्क सांगतो.

मऊ ब्रश, अँटिक्लोरीन, जादा स्पंज आणि यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा) दुकानात मिळतो. फिल्टर घ्यायला येताना टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मोजून आणा.