शिवणे : एका शब्दाची पार्श्वभूमी

‘शिंप्याने सदरा शिवला’ आणि ‘कावळा पिंडाला शिवला’. क्रियापद ऐकायला एकच, पण पहिल्या वाक्यात कर्त्याला ‘ने’ लागतो, दुसऱ्यात लागत नाही. ‘कावळ्याने शिवलं’ असं कोणी म्हणत नाही. हे दोन वेगळे शब्द आहेत. सुईदोऱ्याचं शिवणं संस्कृत ‘सीव्’वरून आलं, तर स्पर्शाचं शिवणं प्राकृत ‘छिव’कडून. १२व्या शतकात हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात ‘स्पृश्’ला पर्यायी धातू दिले आहेत, त्यांत ‘छिव’ आहे. मराठीत दोघांचा उच्चार एक झाला, वळण मात्र निराळं राहिलं.

म्हणजे ‘शिवणे’ हा स्पर्शासाठी आपला जुना, घरगुती शब्द. ‘स्पर्श’ हा सरळ संस्कृतातून उचललेला. तरीही आज कोणी प्रेमाने ‘मी बाळाला शिवले’ म्हणत नाही. तिथे ‘हात लावला’ किंवा ‘स्पर्श केला’ येतं. माझ्या मते याचं कारण विटाळात आहे. सोवळ्यातल्या माणसाचं ‘शिवू नकोस’, पाळीच्या दिवसांसाठीचं ‘कावळा शिवला’, आणि सगळ्यात क्रूर म्हणजे जातीची शिवाशीव. शतकानुशतकं हा शब्द मनाईसाठीच तोंडात येत राहिला आणि त्यातली माया आटली.

त्या मनाईला प्रश्नही मराठीतच विचारले गेले. देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळं कोण, असं सोयराबाईंनी १४व्या शतकात अभंगात विचारलं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा विरोधकांनी तळं ‘बाटलं’ म्हणून त्याची शुद्धी केली. गुरंढोरं पाणी पीत होती त्याच तळ्याची! पुढे संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. कायद्याला शब्द लागला तो संस्कृत वळणाचा. पण गावात ती पाळली जायची ती ‘शिवायचं नाही’ एवढ्याच दोन शब्दांत.

‘तो विचार मनाला शिवलाही नाही’ यात शब्दाचा जुना हलकेपणा अजून टिकून आहे, तोही नकारातच. होकारार्थी शिवणं मला आता फक्त पोरांच्या खेळात ऐकू येतं. शिवाशिवीत सगळी धडपड शिवण्यासाठीच असते, आणि ज्याला शिवलं त्याच्यावर राज्य येतं.